खुराड्यावरचा बोर्ड

जुलै २०२३ मध्ये आमच्या गावची एसटी बंद झाली. कुणी कळवलं नाही, कुठे पाटी लागली नाही. सोमवारी सकाळी पावणेसातची गाडी आली नाही, मंगळवारी आली नाही, आणि बुधवारी तालुक्याला अकरावी-बारावीला जाणाऱ्या आठ मुली माझ्या दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर सॅक मांडीवर घेऊन बसून राहिल्या, तेव्हा लक्षात आलं की गाडी आता येतच नाही. एकीच्या वडिलांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘कॅनॉलच्या वळणावर गाडी कलती होते हो. आत साठ माणसं असतात. माझी काही हिंमत होत नाही.’’

खोटं नव्हतं ते. माझा दुधाचा टेम्पोवाला त्याच्या आधी पंधरा दिवस हेच सांगून गेला होता. दोन महिन्यांत दोनदा पाटा तुटला, म्हणाला, कॅन फाट्यावर आणून द्या नाहीतर दुसरा माणूस बघा. तेव्हापासून चाळीस लिटरचे कॅन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मी ४.२ किलोमीटर फाट्यापर्यंत नेत होतो. दूध इतकं हिंदकळायचं की झाकणाला लोणी चिकटायचं. मग डेअरीवर फॅट कमी लागायची आणि गावातल्या लोकांना वाटायचं, मीच मधे काहीतरी करतोय.

गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. फुगवटा तीन जिल्ह्यांत पसरलाय, तेव्हा एवढ्यावरून गाव कुणाला ओळखू येणार नाही, आणि तेच बरं. पुढे जे साहेब लोक येतील त्यांतले निम्मे चांगले होते, आणि उरलेल्यांकडे मला अजून जायचंय.

आगारात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा दिला आणि सांगितलं, ‘‘रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचं संबंधित विभागाचं पत्र आणा, दुसऱ्या दिवशी गाडी सोडतो.’’

‘‘संबंधित विभाग म्हणजे कोणता, साहेब?’’

‘‘ते तुम्हीच शोधा,’’ ते हसून म्हणाले, ‘‘आणि सापडला तर आम्हालाही सांगा.’’

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

*

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला आणि मग हळूच म्हणाले, ‘‘पण ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत हं.’’ तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे यायचे, पण त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडे वापरायचे नाहीत. उरलेल्या ४० टक्क्यांत दिवाबत्ती, शाळेचं कंपाउंड, अंगणवाडीचा पत्रा आणि गावातली गटारं. त्यातून सव्वाचार किलोमीटर रस्ता कुठून काढायचा?

मग गावाला जे सुचतं तेच सुचलं. लोकवर्गणी. घरटी पाचशे, ऊसवाल्यांनी दोन हजार. एक लाख अकरा हजार जमले. चौदा हायवा मुरूम टाकला, दोन दिवस जेसीबी लावला, रोलर मिळेना म्हणून पोरांनी भरलेले ट्रॅक्टरच पुढे-मागे फिरवले. शेवटच्या दिवशी पारावर भेळ झाली. फोटो निघाले, ‘गाव करी ते राव काय करी’ असं लिहून सगळीकडे फिरले. (मुरमाची रॉयल्टी भरली का, असं तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, तो भाग सोडून देतो.) ते साल तसं कोरडंच गेलं. सप्टेंबरात मोठा पाऊस एकच झाला. पण त्या एका पावसात चौदा हायव्यांचा मुरूम काळ्या रानाच्या चिखलात मिसळून गेला. पूर्वी नुसते खड्डे होते, आता खड्डे आणि राडा.

त्या संध्याकाळी आबा केंद्रावर आले. आबांनी बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून आयुष्य काढलं. राज्य मार्गाचा एक तुकडा त्यांच्या टोळीकडे असायचा. आता ऐंशीच्या घरात आहेत. रात्रीचं अर्धा लिटर घ्यायला येतात आणि तासभर बसतात.

‘‘तुम्ही पोरांनी पैसा पाण्यात घातला,’’ आबा म्हणाले. ‘‘आधी चारी उघडायची असते. मिरगाच्या आधी आमची टोळी काय करायची? डांबर नाही, खडी नाही. नुसतं टिकाव, फावडं आणि घमेलं. साइडपट्टी तासायची, पाण्याला वाट करून द्यायची. रस्ता गाडीनं मरत नाही बाबा, पाण्यानं मरतो. गाडी निमित्ताला.’’

आबांच्या टोळीत अकरा माणसं होती. एकेक निवृत्त होत गेला, जागा भरल्या गेल्या नाहीत. शेवटी टोळीच उरली नाही.

*

‘संबंधित विभाग’ शोधायला मी झेडपीच्या बांधकाम उपविभागात गेलो. तिथल्या शाखा अभियंत्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने आमचा रस्ता तीन ठिकाणी तोडला. फाट्यापासून पहिले १.१ किलोमीटर हा ‘इतर जिल्हा मार्ग’. तो पुढे शेजारच्या गावाला वळतो. नंतरचे ४०० मीटर कॅनॉलच्या कडेने जातात, ती जमीन जलसंपदा खात्याची, म्हणजे तो रस्ताच नव्हे, कालव्याचा सेवामार्ग. आणि तिथून गावापर्यंत २.७ किलोमीटर ‘ग्रामीण मार्ग’. जन्मापासून ज्याला मी ‘आपला रस्ता’ म्हणत आलो, तो कागदावर एक रस्ताच नव्हता.

राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड आली कुठून, असं विचारलं तर अभियंता साहेब खुलले. १९४३ साली नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती, तिथल्या आराखड्यात ही वर्गवारी ठरली. आमच्या राज्यात वरचे वर्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, खालचे दोन जिल्हा परिषदेकडे. ‘‘आणि तुम्ही,’’ ते म्हणाले, ‘‘सगळ्यात खालच्या पायरीवर.’’

मग त्यांनी मला आकडे शिकवले. सरकारदरबारी रस्त्याला नाव नसतं, लेखाशीर्ष असतं. ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च, नवं काहीतरी उभं करायचा. ३०५४ म्हणजे महसुली खर्च, आहे ते राखायचा. २५१५ म्हणजे ग्रामविकास खात्याचा, गावातल्या सुविधांचा. बोलताना कुणी ‘पाच हजार चोपन्न’ म्हणत नाही. पन्नास-चोपन्न, तीस-चोपन्न, पंचवीस-पंधरा. पुढे वर्षभरात मी या बोलीत इतका तयार झालो की बायको म्हणायची, तुमचा मटक्याचा धंदा आहे का?

‘‘पण तीस-चोपन्न देखभालीला असेल तर खड्डे बुजवायला त्यातून द्या की,’’ मी म्हणालो.

‘‘पुस्तकात तसं आहे. प्रत्यक्षात जिल्हा वार्षिक योजनेत ग्रामीण मार्गांचं मजबुतीकरण तीस-चोपन्नमध्येच बसवतात आणि इतर जिल्हा मार्गांचं पन्नास-चोपन्नमध्ये. म्हणजे देखभालीच्या डोक्यावरही बांधकामच. तुमच्या एका रस्त्याला दोन वेगळे प्रस्ताव लागतील, आणि कॅनॉलच्या तुकड्याला आमच्याकडे शीर्षच नाही.’’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘‘नव्या कामाला नारळ फुटतो, दादा. खड्ड्यात डांबर ओतायला नारळ कोण फोडणार?’’

दोन वर्षं मी जे शोधत हिंडलो ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. मला तेव्हा तो नुसता विनोद वाटला.

*

निघताना त्यांनी सहज विचारलं, ‘‘तो २.७ किलोमीटरचा तुकडा मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेतून झाला होता ना? मग बोर्ड असेल बघा. त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं.’’

बोर्ड होता. पण जागेवर नव्हता. मी फाट्यापर्यंत दोनदा शोधत गेलो. शेवटी माझ्या केंद्रावर दूध घालणाऱ्या एका वहिनींनी सांगितलं, ‘‘तो मोठा पत्रा व्हय? आमच्या कोंबड्यांवर हाय.’’ वादळात पडला होता, त्यांनी उचलून खुराड्यावर छप्पर घातलं होतं. कोंबड्यांची घाण खराट्याने बाजूला केली आणि वाचत गेलो. योजनेचं नाव, लांबी २.७०० किमी, काम पूर्ण झाल्याची तारीख मे २०१८. खाली चौकट: देखभाल दुरुस्ती, पहिलं वर्ष इतके रुपये, दुसरं वर्ष इतके, असं पाचव्या वर्षापर्यंत. पाच वर्षं रस्ता चांगला ठेवायची जबाबदारी ज्याने तो बांधला त्याच्याच गळ्यात होती, आणि त्याचे पैसे करारात आधीच धरलेले होते.

मे २०१८ पासून पाच वर्षं म्हणजे मे २०२३. एसटी बंद झाली जुलैत. दोन महिने! पाच वर्षं तो पत्रा आमच्यासमोर उभा होता, आणि गावातल्या एकानेही, शिकलेल्या माझ्यानेही, तो वाचला नव्हता. आम्ही त्याला टेकून मोटारसायकली लावायचो.

पाच वर्षांत त्या चौकटीतल्या पैशांचं काय झालं, हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, आणि राग आलेल्या माणसाला दीडशे शब्द फार कमी पडतात. पहिला मसुदा चारशे शब्दांचा झाला. बायको झेडपीच्या शाळेत शिकवते. तिने लाल पेन घेऊन ‘लोकशाहीची थट्टा’ वगैरे सगळं उडवलं आणि चार ओळी ठेवल्या: हस्तांतरणाची तारीख, दरवर्षी देखभालीवर अदा केलेली रक्कम, पाहणीचे अहवाल, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. सगळं मिळून सहा मिनिटांत आटोपलं. अपिलीय अधिकारी बाईंनी खाली मान घालूनच विचारलं, ‘‘कागद आहेत ना? मग द्या की त्यांना.’’ जानेवारी २०२४ मध्ये ३८ पानं मिळाली, दोन रुपये पानाप्रमाणे ७६ रुपये.

कागदांतून घोटाळा निघेल असं गावाला वाटत होतं. पोरांनी तर मोर्चाची तारीख धरली होती. घोटाळा निघाला नाही, आणि त्याचं खरं सांगायचं तर मलाही थोडं वाईट वाटलं. पहिली दोन वर्षं ठेकेदाराने साइडपट्टी भरली, झुडपं तोडली, त्याचं बिल निघालं. तिसऱ्या वर्षापासून त्याने काम केलं नाही आणि बिलही मागितलं नाही. पैसे खाल्ले नव्हते, मागितलेच नव्हते. त्याला येणं परवडत नव्हतं, कार्यालयाकडे निधी तुटपुंजा असल्यामुळे त्यांनी बोलावलं नाही, आणि आम्ही तक्रार केली नाही. सगळ्यांचं बरं चाललं होतं, रस्ता सोडून.

एक गोष्ट मात्र हाती लागली. ठेकेदाराची अनामत रक्कम अजून परत गेलेली नव्हती. त्यावर बोट ठेवून पत्र दिलं, तेव्हा फेब्रुवारीत एक डांबराची गाडी आली आणि गावाकडच्या सहाशे मीटरमधले खड्डे भरून गेली. आबा काठी टेकत बघायला आले होते. ‘‘खड्डा चौकोनी कापून घ्यायचा असतो,’’ एवढंच बोलले.

*

रात्री बायको वह्या तपासायची आणि मी शेजारी ३८ पानं चाळत बसायचो. एकदा मी तणतणत म्हणालो, एवढा कर भरतो आपण, जातो कुठं? ती म्हणाली, बघू या. आणि आम्ही खरंच बघितलं.

टेम्पोवाल्याने गाडी घेतानाच आरटीओत भरलेला वाहन कर राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तो ‘रोड टॅक्स’ म्हणून ओळखला जात असला तरी रस्त्यासाठी बाजूला काढलेला नसतो. इंधनावर केंद्राचा रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर असतो. मे २०२२ च्या कपातीनंतर तो पेट्रोलवर लिटरला ५ रुपये आणि डिझेलवर २ रुपये उरला. हा पैसा खरोखर रस्तेनिधीत जायला हवा असा कायदा २००० साली झाला, आणि त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली ती याच पैशाच्या जोरावर. पण त्यातून रस्ता बांधला जातो. बांधून झाल्यावर त्याची निगा राज्याने बघायची.

पेट्रोलवर जास्तीचा कर घेऊन तो रस्त्यांना द्यावा ही सूचना पहिल्यांदा जोर धरून मांडली १९२७ साली नेमलेल्या समितीने, आणि तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. १९२९ मध्ये त्यातूनच केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. हे वाचल्यावर बायको वही बाजूला ठेवून हसायला लागली. पुण्यात एमए करताना ती विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसायची, ते याच जयकरांच्या नावाचं. ते विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ‘‘दोन वर्षं त्यांच्या छपराखाली बसले आणि गावाला येताना त्यांच्याच खड्ड्यांतून आले,’’ ती म्हणाली. यात जयकरांचा काही दोष नाही, पण हसू आलं खरं.

तिच्या पगारपत्रकातली दुसरी एक ओळ मात्र माझ्या घराला येऊन भिडली. व्यवसाय कर: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने द्यायचा, दुष्काळातल्या माणसाने काम करून घ्यायचा. आणि आमचा रस्ता मुळात जन्मला तो बहात्तरच्या दुष्काळी कामावर. माझी आई त्या कामावर खडी फोडायला होती. थोरला भाऊ तेव्हा अंगावर पीत होता, त्याला बाभळीला झोळी बांधून त्यात टाकायची. तिला मी हे सगळं सांगितलं, जयकर, उपकर, लेखाशीर्ष. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आमच्या वक्ताला सुकडी मिळायची.’’

*

जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव पाठवायचे तर शिफारस लागते. पूर्वी झेडपी मेंबरच्या दारात जाऊन बसता यायचं, पण मार्च २०२२ पासून झेडपीवर प्रशासक होता, तेव्हा मेंबरच नव्हते. राहिले आमदार. त्यांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात आणि मतदारसंघात गावं शंभरावर. गावाच्या वाट्याला येणाऱ्या रकमेत एक सभामंडप होतो. त्यांनी निधी नाही, पण पत्र दिलं. पत्र चांगलं होतं. ‘सदर रस्त्याची अत्यंत दुरवस्था झाली असून’ ही ओळ इतकी तयार होती की गावाचं नाव तेवढं नंतर टंकलेलं दिसत होतं.

इथून पुढचं वर्ष नुसतं वाट पाहण्यात गेलं, ते थोडक्यात सांगतो. प्रस्ताव पोचले आणि १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठली तोवर जून. जून ते सप्टेंबर डांबर पडत नाही. पावसाळ्यात अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता हे कागदी प्रवास झाले, निविदा निघणार म्हणेपर्यंत १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. डांबराला वर्षात सात-आठ महिने मिळतात, त्यातले चार त्या साली निवडणुकांनी खाल्ले. कार्यारंभ आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला: पन्नास-चोपन्नमधून पहिले १.१ किलोमीटर, तीस-चोपन्नमधून ग्रामीण मार्गाचे २.७ पैकी दीड. दीडच का? ‘‘तालुक्यातल्या सगळ्यांना थोडं थोडं द्यावं लागतं,’’ असं उत्तर मिळालं. त्यामुळे तालुक्यात एकही रस्ता पूर्ण होत नाही, असं मी म्हणालो नाही.

आदेश निघाला तरी ठेकेदार येईना. फोन केला तर म्हणाला, ‘‘दादा, मागच्या कामाचं बिल नाही अजून. डांबर उधारीवर कोण देतंय?’’ पूर्वी मी याला बहाणा म्हटलं असतं. पण त्या वर्षी थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातले कंत्राटदार आंदोलनं करत होते. हा तर तालुक्यातला बारका ठेकेदार, त्याच्याकडे दोन रोलर आणि एक कर्ज.

*

मार्चमध्ये अभियंता साहेब आखणी करायला आले आणि गावाला खरा झटका बसला. ते रस्त्यावरून चालत निघाले, मी वही घेऊन मागे. दीड किलोमीटरमध्ये त्यांनी रस्ता आडवा कापून टाकलेल्या एकतीस पाइपलाइन मोजल्या. फुगवट्याच्या काठचं गाव; ज्याला त्याला पाणी न्यायचंय. रात्री जेसीबी लावायचा, चर काढायचा, पाइप टाकून माती लोटायची. पहिल्या पावसात चर खचतो, त्यात पाणी साठतं, त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या जातात. एकतिसांतली बारावी पाइपलाइन माझी होती.

‘‘आणि चारी कुठं आहे?’’ साहेबांनी विचारलं. चारी नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगाला लोकांनी बांध पुढे सरकवत सरकवत चारी रानात घेतली होती. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की फाटते. तिच्यावर खडीचा थर आणि वर वीस मिलिमीटरचं डांबराचं कार्पेट. बोटाच्या एका पेराएवढंही नाही ते. ‘‘चारी उघडून द्या, पाइप मोरीतून नाहीतर मोठ्या नळीतून घ्या, मग मी डांबर टाकतो,’’ ते म्हणाले. ‘‘नाहीतर दोन वर्षांनी हेच.’’

गावात बैठक झाली. झेडपीला, आमदाराला, सरकारला शिव्या देताना जे एका आवाजात बोलत होते ते एकमेकांकडे बघेनात. एकजण म्हणाला, ‘‘माझी मोजणी करा आधी, माझं रान रस्त्यात गेलंय.’’ दुसरा म्हणाला, ‘‘पाइप आमचीच दिसली का? ऊस कुणाच्या ट्रॉल्यांनी जातो?’’ तो माझ्याकडे बघून म्हणाला, आणि बरोबर होतं. सव्वादोन एकर ऊस माझाही त्याच रस्त्याने जातो, आणि ट्रॉली जितकी भरेल तितकी भरून जातो.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घ्यायच्या आधी मी माझ्या बांधावर जेसीबी लावला. बाराव्या पाइपला मोठी नळी टाकली, चाळीस फूट चारी उघडली. त्यात माझी कडवळाची एक पट्टी गेली. आबा येऊन उतार बघून गेले, ‘‘उलटा पडलाय,’’ म्हणाले. पुन्हा काढला. आठवडाभरात एकवीस जणांनी चारी उघडली. बाकीच्यांनी उघडली नाही. त्यांतले दोघे माझ्याकडे दूध घालत होते, ते आता दुसऱ्या केंद्रावर घालतात.

काम एप्रिलच्या शेवटी सुरू झालं. डांबराचा वास आला की लहानपणी आम्ही पळत जायचो, तसाच पळालो. १.१ किलोमीटर पुरं झालं, दीड किलोमीटरवर कार्पेट पडलं, आणि वरचा शेवटचा थर, सीलकोट, राहिला असताना मे २०२५ मध्येच पाऊस कोसळला. तो मे आठवत असेल तुम्हाला. पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता. जिथे चारी उघडी होती तिथे पाणी कडेने वाहून गेलं. जिथे बंद होती तिथे कार्पेटवर साचून राहिलं, आणि नेमक्या त्या चार ठिकाणी कडा फुटल्या. एवढा स्वच्छ हिशेब मी शाळेच्या फळ्यावरही बघितला नव्हता. सीलकोट दिवाळीनंतर झाला, कारण सप्टेंबरातही पावसाने दम घेऊ दिला नाही.

टेम्पो आता केंद्रापर्यंत येतो, शेवटचे १.२ किलोमीटर पहिल्या गियरमध्ये. आगाराचे साहेब स्वतः गाडीत बसून बघून गेले. एसटी सुरू झाली, पण कॅनॉलपर्यंत. मधले ४०० मीटर अजून तसेच आहेत, कारण ते रस्ताच नाहीत. उन्हाळ्यात गाडी ते ओलांडून गावात येते. पाऊस असला की मुली कॅनॉलच्या पुलाशी उतरतात आणि चपला हातात घेऊन चालत येतात. जलसंपदा खात्याकडे अर्ज दिलाय. त्यांनी उत्तर पाठवलंय की सदर अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.

केंद्राच्या भिंतीवर फॅट-एसएनएफच्या दरांचा तक्ता आहे. त्याच्या शेजारी मी ऑइलपेंटने रस्त्याच्या तिन्ही तुकड्यांचे क्रमांक, लांबी आणि कोणाच्या ताब्यात, ते लिहिलंय. नव्या कामाचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, कार्यारंभ आदेशात दोन वर्षांची आहे, म्हणून त्याखाली मुदत संपायची तारीख, आणि त्याच्याही खाली, दोन महिने अलीकडची दुसरी तारीख: ‘या दिवशी पाहणीचा अर्ज द्यायचा.’ पेंट जरा पातळ होता, शेवटचा आकडा थोडा ओघळलाय.